भाड्याचा तंबू कावी-कंबोईच्या किनाऱ्यावर कसा टिकतो: एका मुक्कामी दिवसाची परीक्षा

बडोद्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानांतून तिघांसाठी जो संच मिळतो, त्यात थोड्याफार फरकाने याच वस्तू असतात: दोन काठ्यांचा घुमटासारखा तंबू, त्याचं वरचं आवरण, बारा-चौदा बारीक खुंट्या, चार ताणदोऱ्या, फोमच्या किंवा हवेच्या गाद्या, आडव्या डब्याचा गॅस स्टोव्ह आणि चार्जिंगचा कंदील. पावागढच्या पायथ्याशी एक रात्र काढायला हे सामान पुरून उरतं. खंभातच्या आखाताच्या काठावर मात्र त्यातला तंबू आणि स्टोव्ह उत्तम, खुंट्या निकामी, हवेची गादी धोक्याची आणि कंदील कामचलाऊ ठरतो. या सामानाची खरी पारख रात्री होत नाही, कारण झोपायला कुठलाही तंबू चालतो. ती होते दोन रात्रींमधल्या दिवसात, जेव्हा स्वयंपाक, भांडी, वाळवण, दोऱ्या ताणणं ही कामंही उरकायची असतात आणि मधल्या वेळात आजूबाजूचं पाहायचंही असतं. म्हणून हे परीक्षण त्या दिवसाच्या हिशोबाने लिहिलं आहे.

जागा कावी-कंबोईची. बडोद्याहून पादरा, जंबुसर करत कावीला जायचं, अंतर साधारण ७५ ते ८० किलोमीटर. मही नदी जिथे आखाताला मिळते, तिथला हा दक्षिण काठ आहे. समोरच्या काठाला खंभात. कोकणातला किनारा डोक्यात ठेवून गेलात तर निराशा होईल. इथे पांढरी वाळू नाही, निळं पाणी नाही. मही मध्य प्रदेशात उगम पावते, वाटेत कर्कवृत्त दोनदा ओलांडते आणि सगळा गाळ इथे आणून टाकते. खंभातचं जुनं भरभराटीचं बंदर याच गाळाने निकामी केलं. पाणी चहाच्या रंगाचं, ओहोटीला उघडा पडणारा मैलभर चिखल, आणि त्यात उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे छोटे मासे. ज्यांना हे बघायला आवडतं त्यांच्यासाठी ही जागा फार मोलाची आहे.

मुक्काम चिखलाच्या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला अजिबात नको. भरतीची रेघ वाळलेल्या काटक्या, प्लास्टिक आणि मिठाच्या पांढऱ्या पापुद्र्यावरून ओळखता येते. त्या रेघेच्याही बरंच वर, गावाकडच्या बाजूला, शेतमालकाला किंवा पंचायतीत विचारून जागा घ्यावी. शेत मोकळं दिसलं तरी न विचारता खुंटी ठोकू नये. विचारलं की लोक जागा तर देतातच, वर गोडं पाणी कुठे मिळेल तेही सांगतात.

तंबू उभारण्याआधीचं काम झाडण्याचं. या पट्ट्यात वेडी बाभूळ सगळीकडे माजली आहे. गुजरातीत तिला गांडो बावळ म्हणतात. तिचा वाळलेला काटा मातीच्या रंगाचा असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि तंबूचा तळ भेदून थेट हवेच्या गादीत शिरतो. म्हणून खराटा सोबत असलाच पाहिजे. जागा झाडून झाली की तळहात टेकवून, वाकून पुन्हा एकदा बघावी, मग जाड ताडपत्री अंथरावी. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं लहान हवी, मोठी राहिली तर दुमडून आत घ्यावी. बाहेर राहिलेल्या कडेवर आवरणावरून ओघळलेलं दव साचतं आणि तंबूखाली जातं. सकाळी तळ ओला दिसतो आणि दोष विनाकारण तंबूला लागतो.

हवेची गादी घेऊच नये, दुकानदाराने आग्रह केला तरी. ती फाटली तर सायकलचं पंक्चर-सोल्यूशन त्यावर टिकत नाही, कारण ते रबरासाठी असतं आणि गादी असते पीव्हीसीची. तिला विनाईलचं वेगळं चिकटद्रव्य लागतं आणि तेही काही तास दाबून ठेवावं लागतं. फोमची चटई कमी मऊ असते, पण काटा लागला तरी तिचं काही बिघडत नाही. खाली सतरंजी, वर फोम, एवढं पुरतं.

आता खुंट्यांकडे, कारण सगळा संच इथेच मार खातो. संचातल्या खुंट्या सात इंचाच्या, पेन्सिलीपेक्षा बारीक, वरून वाकवलेल्या तारेच्या असतात. गवताळ घट्ट मातीत त्या ठीक. इथली जमीन मात्र वरून कडक पापुद्र्याची आणि खाली भुसभुशीत. ठोकताना खुंटी पापुद्र्यावर वाकते. कशीबशी आत गेली की खाली तिला पकडच मिळत नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की आधी वाऱ्याकडची मधली खुंटी निघते, मग तिचा भार शेजारच्या दोघींवर जातो आणि आवरण फडफडायला लागतं. फडफडणारं आवरण काठीला झटके देतं आणि फायबरची काठी चिरते. म्हणजे काठी मोडल्याची तक्रार बहुतेक वेळा खुंटीपासून सुरू झालेली असते.

उपाय दोन. पहिला, कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून ८ मिलिमीटर सळईचे बारा इंची तुकडे कापून एका टोकाला आकडा वाकवून घ्यायचा. असे सहा पुरतात: चार कोपऱ्यांना आणि दोन वाऱ्याकडच्या ताणदोऱ्यांना. ठोकताना खुंटीचं डोकं तंबूपासून दूर कललेलं ठेवायचं आणि आकडा जमिनीपर्यंत न्यायचा, म्हणजे दोरी वर सरकत नाही आणि पाय अडखळत नाही. दुसरा उपाय अगदी भुसभुशीत किंवा रेताड जागेसाठी: पाच किलो तांदळाच्या रिकाम्या कापडी किंवा विणलेल्या पिशव्या मातीने भरायच्या, तोंड सुतळीने बांधायचं, दोरी पिशवीच्या मध्यावर गुंडाळायची आणि पिशवी दोरीच्या ओढीला आडवी येईल अशी फूटभर खोल पुरायची. दोरी बाहेर काढण्यासाठी तंबूच्या दिशेने तिरकी चर पाडायची. चर न पाडता दोरी सरळ वर आणली, तर ताण पडल्यावर पिशवी वर उचलली जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. माती पायाने दाबून बसवायची. हा बंध खुंटीपेक्षा कितीतरी पक्का असतो.

तंबूचं दार वाऱ्याच्या पाठीला ठेवावं आणि वाऱ्याकडची ताणदोरी जमेल तितकी लांब सोडावी. लांब दोरी जमिनीशी कमी कोन करते, त्यामुळे ओढ खुंटीला उपटत नाही, बाजूला खेचते.

भाड्याच्या तंबूतल्या दोरीवरचे प्लास्टिकचे ताणपट्टे हमखास तुटलेले किंवा गुळगुळीत झालेले असतात. ताणपट्टा सरकत असेल तर तो काढून ताणगाठ मारावी: दोरी खुंटीभोवती फिरवून परत आणायची, ताणलेल्या दोरीला फाशाच्या आतल्या बाजूने दोन वेढे द्यायचे, मग फाशाच्या बाहेर, तंबूच्या बाजूला, त्याच दिशेने एक वेढा देऊन ओढायचं. गाठ हाताने सरकते, ओढीने सरकत नाही. सकाळी उठल्यावर आणि वारा सुटण्याआधी, दिवसातून दोनदा सगळ्या दोऱ्या बोटाने छेडून बघायच्या. भाड्याचे तंबू बहुधा पॉलिएस्टरचे असतात आणि पॉलिएस्टर ओलं झाल्यावर नायलॉनसारखं सैल पडत नाही. तेव्हा आवरण झोळ खात असेल तर कापडाकडे बघू नका, खुंटी किंवा गाठ सरकली आहे.

तंबू स्वतः मात्र चांगला. दोन थर, आतला जाळीचा आणि बाहेरचा लेप दिलेला, यामुळे श्वासाची वाफ बाहेरच्या थरावर जमते आणि अंगावर टपकत नाही. अट एकच: दोन थर एकमेकांना चिकटता कामा नयेत, आणि त्यासाठी पुन्हा दोऱ्या ताणलेल्या हव्यात. एकाच थराचा स्वस्त तंबू दिला तर नाकारावा; नोव्हेंबर ते फेब्रुवारी या हंगामात इथे पहाटे भरपूर दव पडतं आणि अशा तंबूत पांघरुणं दमट होतात.

चेन हा तंबूचा सगळ्यात नाजूक भाग. बारीक गाळ आणि मीठ दात्यांत बसलं की चेन अडते, आणि अडलेली चेन ओढली की सरकता तुकडा फाकतो. मग चेन लागते पण मागून उघडत जाते. तसं झालं तर सरकत्या तुकड्याच्या दोन्ही कडा पकडीने किंचित, अगदी किंचित दाबाव्यात. जास्त दाबल्या तर तो कायमचा गेला. मुळात असं होऊ नये म्हणून दातांच्या जुन्या ब्रशने गाळ झाडायचा, गोड्या पाण्याने पुसायचं आणि वाळल्यावर मेणबत्ती घासायची. तेल लावू नये, त्याला धूळ चिकटते.

स्टोव्ह बद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तो संचातला सगळ्यात उपयोगी आणि चुकीच्या हातात सगळ्यात धोक्याचा. आडव्या २२० ग्रॅमच्या ब्युटेनच्या डब्यावर चालणारा हा स्टोव्ह मोठ्या आचेवर सव्वा तासाच्या आसपास चालतो. तिघांचा दिवसभराचा स्वयंपाक, म्हणजे दोन वेळचा चहा, सकाळचे पोहे, दुपारचा पिठलं-भात आणि रात्रीची खिचडी, मंद आच धरून एक ते दीड डब्यात बसतो. दोन डबे न्यावेत, तिसरा वाऱ्यासाठी. वाऱ्यात आच भांड्याऐवजी हवा तापवते आणि गॅस पाहता पाहता संपतो.

डबा बसवताना त्याच्या कडेला असलेली खाच वरच्या बाजूला आली पाहिजे. आतली वाकडी नळी तेव्हाच द्रवाच्या वर राहते आणि फक्त वायू ओढते. खाच बाजूला किंवा खाली गेली की द्रव ब्युटेन बर्नरपर्यंत येतं आणि हातभर ज्वाळा भडकते. ज्योत पिवळी, उसळती दिसली तर लगेच बंद करून आधी खाच तपासावी.

वाऱ्याला आडोसा करताना स्टोव्ह चारही बाजूंनी बंद करू नये. डब्याची बाजू उघडीच राहिली पाहिजे, नाहीतर डबा तापतो, आतला दाब वाढतो आणि तो फुटू शकतो. याच कारणाने मोठा तवा टाळावा. आपल्या घरचा थालिपिठाचा रुंद लोखंडी तवा या स्टोव्हवर ठेवला की त्याची कड डब्याच्या कप्प्यावर येते आणि उष्णता खाली परतते. थालीपीठ करायचंच तर लहान तवा घ्या आणि हाताच्या पंज्याएवढी करा. भाजणी, कांदा आणि कोथिंबीर पादऱ्याहून जाताना ताजी घेतली तर दुपारची न्याहारी झकास होते. पादऱ्याचा भाजीबाजार वाटेतच आहे, घरून भाजी वाहून नेऊ नये. तंबूच्या आत, अगदी दारातही स्टोव्ह पेटवायचा नाही. आगीची भीती आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो.

पाण्याचा हिशोब इथे कोकणापेक्षा वेगळा. तिकडे भांडी समुद्राच्या पाण्याने विसळून शेवटी गोड्या पाण्याचा हात फिरवता येतो. इथल्या पाण्यात इतका गाळ असतो की विसळलेलं ताट वाळल्यावर मातकट दिसतं. तेव्हा सगळं काम गोड्या पाण्यावर. पिण्या-रांधण्याला माणशी पाच लिटर, भांडी-हातपाय-चूळ यांना माणशी आणखी पाच. तिघांना दिवसाला तीस लिटर. वीस लिटरचे दोन जार जंबुसरला घेतले की निर्धास्त. भांड्यांचा क्रम असा ठेवला तर पाणी निम्मं लागतं: आधी उष्टं-खरकटं कागदाने पुसून कागद कचऱ्याच्या पिशवीत, मग ओल्या काथ्याला भांड्याची पावडर लावून सगळी भांडी कोरडीच घासायची, शेवटी एका पातेल्यात तीन लिटर पाणी घेऊन आधी पेले, मग ताटं, शेवटी कढई असं बुडवून काढायचं आणि वरून पेलाभर स्वच्छ पाणी ओतायचं. पिठल्याची कढई लगेच घासावी. वाळलेलं बेसन काढायला जे पाणी लागतं त्यात बाकी सगळी भांडी होतात.

ही कामं दिवसात कुठे बसवायची ते भरती ठरवते. कारण इथे पाहण्याची मुख्य गोष्टच भरती आहे. कंबोईच्या काठावरचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं आणि दोनदा वर येतं. स्कंदपुराणातल्या कथेनुसार तारकासुराच्या वधानंतर कार्तिकेयाने इथे शिवलिंग स्थापलं. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी जगातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांमध्ये मोजली जाते. उधाणाला भावनगरकडे पाण्याच्या पातळीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. आखात आत निमुळतं होत जातं आणि उथळही, त्यामुळे शिरलेलं पाणी पसरायला जागा नसते, ते चढतं.

दोन भरत्यांमध्ये साधारण सव्वाबारा ते साडेबारा तास आणि रोज पाऊण-एक तासाची सरक, हे गणित इथेही लागू. पण तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत इथे सरळ लावू नका. भरतीची लाट आखाताच्या तोंडापासून आतपर्यंत यायला काही तास घेते, त्यामुळे मुंबई-रत्नागिरीची वेळ इथे चुकते. शिवाय आखाताच्या आतल्या टोकाकडे पाणी चढायला कमी वेळ घेतं आणि उतरायला जास्त. सहा तास हातात आहेत असं धरून चिखलात दूर गेलेला माणूस इथे अडकतो. देवळाकडून तिथीवार वेळा सांगितल्या जातात, त्याच प्रमाण मानाव्यात आणि दिवस त्याभोवती बांधावा.

समजा ओहोटी सकाळी उशिरा आहे. तर पहाटे उठून आधी तंबूचं आवरण उलटं करून दोन झाडांमध्ये बांधलेल्या दोरीवर टाकायचं, पांघरुणं गाडीच्या टपावर पसरायची, पोहे-चहा उरकायचा, भांडी करायची. ऊन चढेपर्यंत दव वाळतं. मग देवळात जायचं, पायऱ्या उतरून दर्शन घ्यायचं. दगडांवर शेवाळ आणि गाळ असतो, रबरी तळाची चप्पल कामाची नाही, अनवाणी आणि सावकाश उतरावं. पाणी यायला लागल्याची सूचना मिळताच वर यायचं, फोटोसाठी रेंगाळायचं नाही. दुपारी जेवण, दोऱ्यांची दुसरी फेरी, आणि भरती पूर्ण चढायच्या आधीच परत काठावर. पिंडीवर पहिलं पाणी येतं तेव्हापासून बघावं. मोठा आवाज नाही, लाटांचा थयथयाट नाही, पाणी फक्त वर येत राहतं. हे पाहायला अर्धा-पाऊण तास सलग बसावं लागतं, धावत्या सहलीत ते मिळत नाही. मुक्कामाला येण्याचं कारण हेच. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी सगळ्यात जास्त चढतं. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ओढ कमी असते. मुलांना घेऊन जायचं तर ते दिवस बरे, पण देखावा तेवढा भव्य नाही.

मधला मोकळा वेळ कावी गावाला द्यावा. सासू-सुनेची म्हणून ओळखली जाणारी जुनी जैन देरासरं, म्हणजे मंदिरं, तिथे आहेत. चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवून जायचं आणि दुपारी बंद असतील हे धरून वेळ विचारून घ्यायची. महीच्या चिखलाबद्दल ज्यांना कुतूहल आहे त्यांनी हेही आठवावं की मार्च १९३० मध्ये दांडीला निघालेले गांधीजी आणि सत्याग्रही हीच मही वरच्या अंगाला, कंकापुऱ्याहून करेलीकडे, रात्री भरतीची वेळ साधून नावेने आणि गुडघाभर चिखल तुडवत ओलांडून गेले. पुढे जंबुसरला मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरू त्यांना भेटले. खारफुटीच्या कडेने चिखल बघताना त्या वाटचालीचा अंदाज येतो. मात्र स्वतः चिखलात उतरू नये. हिवाळ्यात पक्षी भरपूर, रोहितही (फ्लेमिंगो) दिसतात. दुर्बीण न्यावी आणि काठावरूनच बघावं.

कंदिलाचं थोडक्यात: पूर्ण उजेडावर तो संपूर्ण संध्याकाळ टिकत नाही, मंद उजेडावर टिकतो. पांढऱ्या उजेडावर किडे तुटून पडतात, पिवळा पर्याय असेल तर तो लावावा, आणि स्वयंपाकाच्या जागेपासून चार पावलं दूर टांगावा. डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकी एक असेल तर कंदिलाची फारशी गरजच पडत नाही. संध्याकाळी डास येतात, आतली जाळी सूर्यास्ताआधी लावून टाकावी.

घेताना दुकानातच तंबू उघडून बघावा. काठीच्या प्रत्येक तुकड्याची टोकं बोटाने चाचपावीत. उभी चीर असेल तर बदलून मागावी. काठीच्या आतली लवचिक दोरी सैल असेल तर तुकडे पूर्ण बसत नाहीत आणि अर्धवट बसलेला तुकडा टोपणापाशीच, म्हणजे तुकडे जोडणाऱ्या नळीपाशीच फुटतो. काठीवर चढेल अशी चार-पाच इंची धातूची नळी आणि चिकटपट्टी मागून घ्यावी, दुरुस्तीला तेवढं लागतं. आवरण आतून हाताला चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर लेप सुटत चालला आहे, ते पाणी धरणार नाही. चेनवर पांढरी भुकटी आणि खुंट्यांवर गंज दिसला तर आधीच्या गिऱ्हाइकाने तो समुद्रावरून न धुता आणला आहे. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळे असा तंबू कितीही वाळवला तरी रात्री दमटच लागतो. अनामत रकमेच्या पावतीवर खुंट्यांची संख्या आणि असलेल्या चिरा-भोकं लिहून घ्यावीत.

परत देताना तंबू घरी गच्चीवर एकदा गोड्या पाण्याने विसळावा, साबण लावू नये, सावलीत दोन्ही बाजूंनी वाळवावा. चेन आणि काठ्यांची टोपणं वेगळी धुवावीत. अर्धी बादली पाणी आणि एक दुपार एवढंच हे काम आहे. सळईच्या खुंट्या आणि मातीच्या पिशव्या मात्र आपल्याकडेच ठेवाव्यात, पुढच्या वेळी संच कुठल्याही दुकानातून घेतला तरी त्या लागणारच.